आबांचा माग

आबा,

मोर्चाच्या झेंड्यांचं कापड विणलंत म्हणून तुम्हाला उचललं. मग हुकूम निघाला, बंद दिसेल तो माग जप्त. तेव्हा गल्लीने पणजोबांच्या वेळची रीत पुन्हा धरली. ज्याला नेलं, त्याचं कापड प्रत्येक घराने वीतभर पुढे विणायचं.

मी कारखान्यात इंजिनीअर, कापडाचा दर्जा तपासते. कुठे कुणाचा हात लागलाय, ते मला लांबूनही दिसतं. शेजारच्या काकूंची वीण सैल पडते, म्हणून मी टोकलं.

"अगं इंजिनीअरबाई, आबा आले की उसवतील आणि वर मला चार शिव्याही घालतील. हो बाजूला."

माग चालू आहे का ते बघायला येणारा शिपाई रोज विचारतो, "कोण विणतं हे?"

गल्ली सांगते, "आबा."

काल तुरुंगाने तुम्ही गेल्याचं कळवलं आणि तुमचा चष्मा माझ्या हातात दिला. मी काकूंना सांगितलं, तेव्हा त्या मागावर होत्या. त्या उठल्या नाहीत. डोळे पुसत विणत राहिल्या.

मागावरच्या उभ्या धाग्यांचा तुमचा ताणा संपत आला होता. आज मी नव्या ताण्याचे धागे तुमच्या धाग्यांना एकेक करून जोडले. काही गाठी सुटल्या, त्या पुन्हा मारल्या.

उद्या शिपायाने विचारलं, की मीच पुढे होऊन सांगेन, "आबा."

तुमच्या मागावरून,
तुमची थोरली