जावई दाराबाहेर

करंजपाडा, १२ जानेवारी २०२५

ति. उज्वलाआत्यास,
डोंगरातून हर्षालीचा शि. सा. न. तुम्ही सगळे मजेत असाल. इथे दवाखान्यामागची टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही, म्हणून तुझ्यासारखं पत्र लिहायला शिकते आहे. चुका काढू नकोस.

नवसाबाई नावाच्या एका पेशंटने माझ्या जिवाला घोर लावलाय. वय पन्नाशीचं, चेहरा पांढराफटक. तिला फक्त कोकणी, म्हणजे इथली आदिवासी बोली येते, मला फक्त मराठी. सिस्टर विदर्भातली, तिचीही तीच गत. नवसाबाईचा जावई बारकू मराठी छान बोलतो, दर वेळी काम बुडवून सोबत येतो. मी विचारते, तो सांगतो आणि उत्तर ठरलेलं, पोट दुखतं. पाळीचंही विचारलं. त्याने मान खाली घातली, तिने पदर ओढला, म्हणे काही नाही. तपासूही देत नाही. गोळ्या घेऊन जाते आणि आणखी खंगून येते. आत्या, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत जाईल अशी भीती वाटते गं.

चिवडा संपला.
तुझी लाडकी (अजून आहे ना?),
हर्षाली

नाशिक, १९ जानेवारी

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद. डॉक्टरीणबाई, पत्र वाचून कपाळाला हात लावला. जावयासमोर पाळीचं विचारतेस? आमचा दीपक लाखात एक जावई, पण त्याच्यासमोर मला कुणी असलं विचारलं असतं, तर पित्त झालंय म्हणून मी मोकळी झाले असते. त्या बाईने दुसरं काय करावं?

बारकूला मानाने बाहेर बसव. आणि मध्ये बोलायला कुणाला घ्यायचं ते तू ठरवू नकोस, तिलाच विचार. बोलताना बघायचं मात्र तिच्याकडे.

घोटीच्या पोह्यांचा चिवडा एसटीने पाठवते आहे. सिस्टरलाही दे, एकटी फस्त करू नकोस.
तुझी काळजी करणारी,
आत्या

करंजपाडा, ६ फेब्रुवारी

ति. आत्यास,
शि. सा. न. आणि या वेळी कानही पकडले आहेत.

बाहेर बसायला सांगितल्यावर बारकूचा चेहरा उतरला. आपलं काही चुकलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमच्यामुळेच तर त्या इथवर आल्या. नवसाबाईने मध्ये बोलायला मराठी येणारी शेजारची भागुबाई मागितली, तिला बोलावून आणलं. दार लावलं आणि नवसाबाई बोलतच राहिली. पाळी जाऊन कैक वर्षं झाली, पण दिवाळीपासून पुन्हा अंगावरून लाल जातंय. मग तपासूही दिलं. लगेच नाशिकला पाठवलं. गर्भाशयात गाठ आहे, पसरलेली नाही, पण ऑपरेशन लवकर करायला हवं.

तिची मुलगी बाळंतीण आहे, भागुबाईला घर सोडता येत नाही. तिथे नाशिकच्या दवाखान्यात नवसाबाईजवळ बाईमाणूस कुणी नाही. तू जाशील?
तुझ्या मायेची हावरी,
हर्षाली

नाशिक, २२ फेब्रुवारी

चि. हर्षालीस,
आशीर्वाद. ऑपरेशन झालं, नवसाबाई बरी आहे, हे आधी लिहिते. गाठ सगळी निघाली म्हणतात.

रक्त बारकूने दिलं. ऑपरेशन कसलं, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. मला एवढंच विचारलं, सासू जगंल ना? हो म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून रडला. मलाही राहवलं नाही.

काल तिला जरा हुशारी आली. माझा हात धरून कोकणीत काय काय सांगत होती. मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले. मला एक शब्द धड कळला नाही. बारकू दाराबाहेरच होता, हाक मारली असती तर त्याने सगळं मराठीत सांगितलं असतं. मी मारली नाही. नुसती हं हं करत तिच्याजवळ बसून राहिले.

आणि हावरे, तुझ्यावर माया आहेच, ती अशीच राहील.
तुझी,
आत्या