उतारावर दुसरा गिअर

अप्पा, आज दुपारी साहेब गाडी न्यायला येणार आहेत आणि माझं अजून ठरत नाही. सकाळपासून कितीदा तरी बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता बंद केलं. शेवटी गॅरेजचे मालक म्हणाले, "एनप्पा, काय रे, आत अंडी उबवायला ठेवलीस का?" तेव्हा मागच्या बाकावर येऊन हे लिहायला बसलो. ज्या गोष्टीवरून अडलो आहे ती तुमच्याकडून आलेली आहे, म्हणून तुम्हालाच लिहितो.

मंडी मोहल्ल्यातलं हे गॅरेज तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही गेलात, माझी शाळा अर्धवट सुटली आणि मी पंक्चरच्या दुकानात लागलो, तिथून सरकत सरकत इथे आलो. रविवारी बंद ट्रॅकवर गाडी पळवायची हौस असलेले लोक आमच्याकडे येतात आणि त्यांची एंजिनं मी बांधतो. हे साहेब विजयनगरला राहतात, मूळचे पुण्याचे. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ आहे की त्यांच्याशी बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवून घेतो, आपल्या घरातलं कन्नड मध्येच घुसू नये म्हणून.

काल ते म्हणाले, "मला एक समजावून सांगा. माझ्या मित्राचं एंजिन माझ्याएवढ्याच सीसीचं आहे. ते मिनिटाला नऊ हजार फेरे घेतं आणि माझ्याचं इंधन तुम्ही सात हजारांवरच तोडताय. असं का?"

मी मूठ वरखाली करून दाखवली. सर, पिस्टन नुसता पळत नाही, तो वर जाऊन पूर्ण थांबतो, मग खाली येऊन पूर्ण थांबतो, आणि प्रत्येक वेळी त्याला थांबवायचं आणि परत ओढायचं काम रॉडला करावं लागतं. फेरे दुप्पट केले की हा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. तुमच्या मित्राच्या एंजिनात पिस्टन रुंद आहे पण त्याची धाव आखूड आहे. तेवढ्याच फेऱ्यांत तो कमी अंतर कापतो, त्यामुळे त्याला आणखी पळवता येतं. रुंदीमुळे व्हॉल्वही मोठे बसतात, मग घाईतसुद्धा त्याला हवा पुरते. तुमच्यात धाव लांब आहे. खालून ओढायला ते बरं, वर मात्र लवकर दमतं. शिवाय व्हॉल्व उघडला की पिस्टन वर पोचायच्या आत स्प्रिंगने तो मिटवायला हवा. स्प्रिंग मागे पडली तर दोघं एकमेकांवर आदळतात.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण आपण पिस्टन हलके घातले, रॉड बदलले. नऊ नको. आठ का नाही?"

"स्प्रिंगा पेलणार नाहीत, सर."

ते हसले. "तुमच्याकडे गाडी दिली की ती सज्जन होऊन परत येते बघा."

मालक पलीकडून ओरडले, "हा एंजिनाचा डॉक्टर नाही सर, आई आहे!"

मीही हसलो.  पण एंजिन ताणायची ही भीती कुठे शिकलो ते मला माहीत आहे. तुमच्या बसमध्ये, तुमच्या पाठीमागच्या सीटवर. दुसरे ड्रायव्हर गिअर ताणत, तुम्ही लवकर बदलत होतात. मी टीव्हीएस मोपेड शिकताना कोपऱ्यावर जोरात मूठ पिळली तेव्हा सगळ्या गल्लीसमोर ओरडलात, "निधान, मगा, निधान! तिला रडवू नको." 'सावकाश, पोरा' हे मला आजही आधी कन्नडमध्ये ऐकू येतं आणि तुमच्याच आवाजात येतं. दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींच्या कवायतीत मोटरसायकली किंचाळत गेल्या तेव्हा मी विचारलं होतं, आपली बस अशी का ओरडत नाही? तुम्ही म्हणालात, "त्यांना एकट्याने पळायचंय, मगा. हिला बसभर माणसं ओढायचीत." उत्तर चुकीचं नव्हतं. डिझेल सावकाश जळतं, त्याचा दाब सोसायला सगळे भाग जाड करावे लागतात, आणि जाड भाग भराभर वरखाली करता येत नाहीत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आणि मग तो चामुंडीचा उतार. सुट्टी आहे म्हणून मी बसमध्ये आहे. देवीचं दर्शन घेऊन उतरणारी माणसं, फुलांची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई. वळणाआधी तुम्ही ब्रेक दाबता आणि पाय नुसता आत जातो. तुम्ही पुन्हा दाबता. मग मान न वळवता मला म्हणता, "गट्टी हिडको," घट्ट धर, आणि बस दुसऱ्या गिअरमध्ये खेचता. माझ्या तळपायाखालचा पत्रा थरथरतो, दातावर दात आपटतात, त्या बाईचं तोंड उघडं आणि फुलं सगळीकडे. पंपाने डिझेल केव्हाच तोडलेलं असणार, पण उतार चाकांना ढकलतो आहे आणि चाकं एंजिनाला, जितके फेरे घ्यायला ते कधी बनलंच नव्हतं तितके. वेग उतरला तशी तुम्ही बस डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवलीत. सगळे उतरल्यावर तुमच्या शेजारच्या एंजिनाच्या झाकणावर हात ठेवलात, तापलेलं होतं तरी काढला नाहीत.

डेपोत सांगितलं की व्हॉल्व वाकलेत, एंजिन उतरवावं लागेल. घरी तुम्ही ताटावर बसलात पण नाचणीचा गोळा, मुद्दे, तसाच. आई म्हणाली, "अय्यो, एंजिन गेलं तर गेलं, जेवा की." मी विचारलं, तुम्हीच म्हणता ना रडवू नको? तुम्ही सारात बोट बुडवून बसला होतात. म्हणालात, "रोज नाही पिळली म्हणून आज पिळता आली."

इतकी वर्षं मी या वाक्याचा पहिला अर्धाच सांभाळला, अप्पा. रोज नाही पिळायची. लोक माझ्याकडे गाडी आणतात, मी प्रत्येक नट दोनदा तपासतो, रॉड वजन करून जुळवतो, आणि शेवटी एंजिन जिथपर्यंत जाऊ शकतं त्याच्या बरंच अलीकडे फेऱ्यांच्या मर्यादेचा आकडा टाकतो. मग माणूस ट्रॅकवर जातो आणि मी फोन हातात धरून बसतो. ते साहेब उद्या त्यात बसणार आहेत. काही मोडलं तर तेल त्यांच्याच चाकांखाली येणार, आणि बांधणारा हात माझा. म्हणून त्यांना खोटं सांगितलं. स्प्रिंगा पेलतील. मी त्या दाबून मोजल्या आहेत, एकही कमी भरलेली नाही. पेलत नाही तो मी.

आत्ता मालक विचारून गेले, "काय, आई? पोरगी सासरी पाठवायची की नाही?" मी म्हटलं, पाठवू. लॅपटॉप जोडला आहे. आठचा आकडा टाकतो, साहेब आले की काल काय खोटं बोललो ते सांगतो, आणि हेही सांगतो की हा आकडा वर जातानाच राखण करतो. वेगात चुकून खालचा गिअर पडला तर चाकं एंजिनाला आठच्याही पुढे ढकलतात, ती कोणाचंच ऐकत नाहीत. ते ऐकून त्यांना सातच बरा वाटला तर तेही त्यांनी ठरवावं. मग त्यांच्यासमोर इथेच एकदा आठपर्यंत नेऊन दाखवायचं आहे.

हा कागद घडी करून खिशात राहील, तुमच्यापर्यंत न्यायला कोणी नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. आईला, मालकांना, सगळ्यांना मी सांगत आलो की आमची बस त्या दिवशी कशी किंचाळली. तुम्ही घट्ट धर म्हणालात ना, तेव्हा मी तुमच्या सीटमागचा दांडा सोडला होता आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते. तो आवाज मी ऐकलेलाच नाही.