पाच वजनांचा पंचनामा

सोलापूर,
गुरुवार, दुपारी

ती. मायाक्कास,

शिवयोगीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही उभयता बरे आहोत. तुझंही बरं असावं असं धरून चालतो, कारण विचारायची सोय मी गेली अकरा वर्षं ठेवलेली नाही. गुडघा कसा आहे? (दुधनीहून कुणी आलं की वैजयंती तुझ्या गुडघ्याची चौकशी करते आणि मी पेपर वाचत असल्यासारखा ऐकतो. उजवा जास्त दुखतो, एवढी माहिती माझ्याकडे आहे.) पत्र बघून तुला नवल वाटेल. अक्षर मात्र ओळखशील. शेवटचं पाहिलंस ते पंचनाम्यावर.

तर सांगायची गोष्ट अशी, की मी सध्या दर शुक्रवारी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जातो. घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही, तसं मी त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आहे. झालं काय, वजनमापांच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर हात रिकामा राहीना, म्हणून मी एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि घरात येणारी प्रत्येक पुडी तोलायला लागलो. मग मी वैजयंतीच्या भाकरी तोलल्या (दोन भाकरींत अठरा ग्रॅमपर्यंत फरक आढळला) तेव्हा तिनं पुढचे दोन दिवस नुसता भात केला. एप्रिलमध्ये तिनं नव्या पेठेतून शेंगाचटणीची दोनशे ग्रॅमची पुडी आणली. ती एकशे चौऱ्याण्णव भरली. मी काटा बगलेत मारला, पुडी घेतली आणि दुपारी एक वाजता चालत दुकान गाठलं. एप्रिलातलं सोलापूर तुला सांगायला नको. दुकानदारानं माझं म्हणणं शांतपणे ऐकलं, डब्यात हात घातला आणि मूठभर चटणी पुडीवर टाकून म्हणाला, घ्या काका. तूट अशी भरून देता येत नाही, त्याला पद्धत असते, हे मी त्याला सांगणार होतो, पण त्याआधीच खाली पडलो. डोळे उघडले तेव्हा पुठ्ठ्यानं वारा घालणं चालू होतं आणि सदराभर चटणी होती. मी शुद्धीवर आल्यावर रडत होतो असं दोन साक्षीदार म्हणतात, म्हणून नोंदवून ठेवतो. पुढं दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय चांगलं, दाब चांगला. डॉक्टरांनी विचारलं, मनाला काही लागलंय का? मी नाही म्हणालो आणि त्याच वेळी वैजयंती हो म्हणाली. डॉक्टरांनी तिचं धरलं.

या बाईंचं नाव आयत. वय तिशीच्या आसपास. सात रस्ता चौकाजवळ एका औषधांच्या दुकानावर त्यांची खोली आहे. मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो. त्या जो उपचार करतात त्याला स्कीमा थेरपी म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी एक लांबलचक प्रश्नावली दिली. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते एक ते सहा आकड्यांत लिहायचं. मी विचारलं, हे माप पडताळून घेतलेलं आहे का? त्या म्हणाल्या, हो, पुष्कळ लोकांवर तपासलेलं आहे. मी म्हणालो, शिक्का कुठं आहे? मग अर्धा तास आमची त्यावरच चर्चा झाली. माझा सहा आणि दुसऱ्याचा सहा सारख्याच वजनाचा कशावरून, याचं समाधानकारक उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. तरी मी सहकार्य केलं. जिथं अडचण आली तिथं साडेचार, सव्वापाच असे आकडे घातले. चूक केली की शिक्षा झालीच पाहिजे, अशा अर्थाचं एक वाक्य होतं, त्याला सहा दिले आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘कलम दाखवल्यास’. मॅडमनी ते वाचलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या हसू दाबत होत्या हे मला नंतर कळलं.

आता स्कीमा म्हणजे काय, ते मला कळलं तसं सांगतो. लहानपणी घरात जे घडतं त्यावरून पोराच्या मनात एक साचा बसतो, की जग असं आहे आणि आपण असे आहोत. तेव्हा तो उपयोगाचा असतो. पुढं माणूस मोठा होतो, निवृत्तसुद्धा होतो, साचा मात्र तोच. माझ्या भाषेत सांगायचं तर काटा एकदा चुकीच्या वजनावर लावून घेतला, की पुढं प्रत्येक माल खोटाच दिसणार. माझे दोन साचे निघाले. एक कठोर निकषांचा, दुसरा शिक्षेचा. (आणखी एक मायेच्या कमतरतेचा निघत होता, पण त्यात माझे आकडे अपूर्णांकात असल्यानं मी हरकत घेतली. तुझा हात पाठीवर असताना मला मायेची कमतरता होती असं कागदावर लिहून द्यायला मी तयार नव्हतो.) मॅडमनी विचारलं, हे कधीपासून? मग मला आण्णांचं सांगावं लागलं.

तुला आठवतं ते मलाही आठवतं. आण्णा दुधनीच्या बाजारात तोलार होते, काट्यावर उभं राहून लोकांचं धान्य तोलायचे. तुरीच्या एका पोत्याला तूट आली आणि अडत्यानं भर बाजारात त्यांना चोर म्हटलं. आण्णा मान खाली घालून उभे. मी नऊ वर्षांचा होतो, तू पंधराची. तू मला हाताला धरून घरी आणलंस. त्यांनी ते काम सोडलं, किराणा दुकान टाकलं, आणि रोज संध्याकाळी आपण दोघं चिंचेनं त्यांची वजनं घासत बसायचो. घासलेलं वजन ते उजेडात धरून बघायचे आणि परत घासायला द्यायचे. तू गुपचूप माझ्या वाट्याची वजनं तुझ्याकडे ओढून घ्यायचीस. मी पुढं वजनमापे निरीक्षक का झालो, हे मॅडमना सांगायला मला तीन शुक्रवार लागले. मॅडमना ते पहिल्याच शुक्रवारी कळलं असावं.

आणि मग अकरा वर्षांपूर्वीचं. ते तुला सांगायची गरज नाही, पण मॅडम म्हणतात की आपल्या तोंडानं सांगावं. माझ्याकडे त्या वर्षी दुधनीसकट अक्कलकोट तालुका होता. बाजाराचा दिवस होता. आण्णांच्या माघारी तू चालवत असलेल्या दुकानात मी दोन शिपाई घेऊन शिरलो. काट्यावरच्या शिक्क्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली होती. आदल्या दिवशी निरोप धाडला असता तर तू शिक्का मारून आणला असतास. दुसऱ्या निरीक्षकाला पाठवता आलं असतं. मी ते केलं नाही, कारण बहिणीला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणायला नको होतं. गिऱ्हाइकं उभी होती. मी कागद पुढं ओढला आणि तुला विचारलं, नाव? तू सांगितलंस. वय? तेही सांगितलंस. वडिलांचं नाव? तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “तुज्याच बापाचं लिव की.” मी लिहिलं, मल्लप्पा. सही घेतली, काटा आणि वजनं सील केली आणि जीपमध्ये बसलो. त्या वर्षी खात्यानं माझं कौतुकही केलं.

आता थोडं विषयांतर करतो, पण ते जरुरीचं आहे. मॅडमची वेळ पन्नास मिनिटांची आहे, तसं दारावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात माझ्या पहिल्या चार भेटी अनुक्रमे अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकसष्ट आणि एकाहत्तर मिनिटं चालल्या. (भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागं होतं, ते हिशेबात धरलं आहे.) बाहेर पुढची माणसं ताटकळायची आणि टेबलावर मॅडमचा डबा दुपारी तीन वाजताही न उघडलेला असायचा. मी लेखी तक्रार दिली. जादा माप देणं हीसुद्धा चूकच आहे असं त्यात लिहिलं आणि तक्ता जोडला. मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी तक्ता घडी घालून ठेवला. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं, की तो तक्ता त्यांनी त्यांच्या वरिष्ठ बाईंना दाखवला. (अक्का, या लोकांनाही कुणापुढं तरी जाऊन बसावं लागतं. मला ती व्यवस्था फार आवडली.) वरिष्ठ बाई म्हणाल्या, मी वर्षभर सांगतेय ते तुझ्या काकांनी आकड्यांत मांडलंय. मॅडम घरात थोरल्या. आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा पाठच्या तीन भावंडांचं त्यांनीच केलं, आणि सगळ्यांची पानं झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही हा त्यांचा साचा. माणूस समोर दुखणं घेऊन बसलाय आणि आपण वेळ संपली म्हणायचं, हे त्यांना पाप वाटायचं. ते ऐकताना मला सारखी दुसरीच एक थोरली आठवत होती, जी चटणी आधी माझ्या ताटात वाढायची आणि डब्याच्या कडेला चिकटलेली स्वतः पुसून खायची.

गेल्या शुक्रवारी खुर्चीचा प्रयोग झाला. समोर रिकामी खुर्ची ठेवतात आणि त्यात अमुक माणूस बसलाय असं समजून बोलायचं. आधी आण्णांना बसवायचं ठरलं. खुर्चीचा एक पाय आखूड होता, तो मी एसटीच्या तिकिटाची घडी घालून सारखा करून घेतला. बोलणं ठीक झालं. मग मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही त्या खुर्चीत बसा आणि आण्णा होऊन बोला. मी म्हणालो, आमच्यात बापाच्या जागेवर कुणी बसत नाही. आण्णा गेल्यावरही तू काट्यापुढच्या त्यांच्या पोत्यावर बसली नाहीस, शेजारी पाट टाकून दुकान चालवलंस, हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मग अक्कांनाच बसवू या का? मी हो म्हणालो. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, क्षमा वगैरे शब्द होते. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, नाव? सवय, दुसरं काय. मग वय. मग वडिलांचं नाव. मी खूप रडलो, अक्का. या वयात असं रडता येतं हे मला माहीत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम म्हणाल्या, “काका, आपली पाच मिनिटं उरलीत.” त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी ते म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग घड्याळ बघितलं. (आता ते बरोबर चालतं.) पाच मिनिटांत त्यांनी मला पाणी दिलं, श्वास सावकाश घ्यायला लावला, आणि बरोबर पन्नासाव्या मिनिटाला आम्ही दोघं उठलो. दारातून मागं वळून पाहिलं तर त्या डबा उघडत होत्या. भेंडीची भाजी होती. मला फार समाधान वाटलं, एखाद्या दुकानाची पडताळणी अगदी स्वच्छ निघावी तसं.

तर असं आहे. झोप आता बरी लागते. भाकरी तोलणं बंद केलं आहे, नुसत्या बघतो. वैजयंतीचा तुला नमस्कार. उन्हाची दुकानात फार वेळ बसत जाऊ नकोस. मोठ्या मनानं वाचलं असशील तर उपकार, अर्ध्यात फाडलं असशील तर तेही नियमाला धरूनच आहे.

तुझा धाकटा,
शिवयोगी

ता. क. १. हे पत्र म्हणजे मॅडमनी दिलेला गृहपाठ आहे आणि त्याची पहिली अट अशी, की ते लिहायचं, पोस्टात टाकायचं नाही. त्यांनी दोनदा बजावलं. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी एकही नियम मोडलेला नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पाकिटावर तिकीट लावलं आहे, चपला घातल्या आहेत.

ता. क. २. वरचं नियम न मोडल्याचं वाक्य खोटं आहे. पंचनाम्यात पाच वजनं आहेत. तू सहा दिली होतीस. दोनशे ग्रॅमचं, आण्णांच्या वेळचं, मी खिशात घातलं. त्याच्या बुडातलं भरीचं शिसं कधीचं गळून पडलेलं होतं, हातात घेताक्षणी मला कळलं. ते यादीत आलं असतं तर मल्लप्पाच्या नावापुढं कमी वजन असं माझ्याच हातानं लिहावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नाही. म्हणूनच बाकी सगळं इतक्या कडकपणे केलं. सही करताना तू बोटानं वजनं मोजलीस, पाचवर थांबलीस आणि काही बोलली नाहीस. तू एक शब्द बोलली असतीस तर माझी नोकरी गेली असती. अकरा वर्षं ते माझ्या कपाटात आहे. काट्यावर एकशे चौऱ्याण्णव भरतं. येत्या बाजाराच्या दिवशी ते घेऊन येऊ का? दुकानात शिरणार नाही, पायरीवर उभा राहीन. तू ये म्हणालीस तरच वर येईन.

ता. क. ३. वैजयंती म्हणते, येताना अक्कांच्या हातची शेंगाचटणी आणा. तोलू नकोस, मुठीनं घाल. मी मोजणार नाही. घरी येऊन मोजली, तरी तुला कळवणार नाही.