सुकाणूचा कौल

६ जुलै १९७६, मंगळवार

गुरूच्या बोटीचं सुकाणू आपोआप का हलतं? मला माहीत नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, घरातली पहिली ग्रॅज्युएट, तरी माहीत नाही. शास्त्रात अज्ञान कबूल करणं ही पहिली पायरी. ती आज चढले.

परिस्थिती अशी. गुरुलिंग, माझा थोरला भाऊ, मागच्या वर्षी काविळीनं गेला. रिमोट कंट्रोलची बोट त्यानं स्वतः केली होती, सागवानी, हातभर लांब. कंबर तलावाच्या काठावर उभं राहून तो ट्रान्समिटरचं बटण दाबायचा आणि बोटीतला रिसीव्हर सुकाणू वळवायचा. तो ट्रान्समिटर आता कपाटात आहे. त्यातले सेल मी काढून ठेवलेत. पण अव्वा, आमची आई, रोज दिवेलागणीला बोट देवासमोरच्या पाटावर ठेवते, रिसीव्हर चालू करते आणि बसून राहते. मग केव्हातरी खट् होतं. सुकाणू उजवीकडे जातं. थोड्या वेळानं पुन्हा खट्. डावीकडे.

अव्वा म्हणते, आला बघ गुरू.

मी घाबरत नाही. पाठ भिंतीला टेकवून बसते, ते कण्याला चांगलं असतं म्हणून.

७ जुलै

आता कौल लावणं सुरू झालंय. देवळात पिंडीला चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. तोच नियम अव्वानं बोटीला लावला. सुखात हाईस का मगा, माझ्या लेकरा, असं विचारलं. बऱ्याच वेळानं खट्, उजवा. माझ्यावर रागावलाईस का? खट्, डावा. अव्वा रडली. मग नीट जेवली. वर्षभरात अशी जेवलेली पाहिली नव्हती.

मी समजावलं. पिळलेल्या रबरावर एक कळ असते. सिग्नल आला की सुटते. एकदा उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे, आलटून पालटून. तिला मन नसतं. अव्वा म्हणाली, मग मी बी आलटून पालटूनच इचारते की.

८ जुलै

गंभीर. कोल्हापूरला एम.एस्सी.ची सीट मिळालीय. मला तिकडे पाठवायचं की मैंदर्गीचं स्थळ बघायचं, हे २३ तारखेला शुक्रवारी गुरूला विचारायचं असं अव्वानं ठरवलंय. अप्पांनीही मान डोलावली. म्हणाले, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतंय. अप्पांना इतकं नम्र मी कधी पाहिलं नाही.

माझं आयुष्य एका रबराच्या पिळावर? निश्चय: २३ च्या आत बोटीला नवा रेडिओ सेट बसवायचा, इकडचा तिकडचा सिग्नल न ऐकणारा. सुकाणू हललं नाही की अंधश्रद्धा आपोआप जाईल. कोणाचं मन दुखवायची गरज नाही.

९ जुलै

सिद्धाराम आला होता. गुरूचा मित्र, नव्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पार्ट आणायला मंगळवारी बंगळूरला चाललाय. तिथल्या मॉडेलवाल्यांच्या क्लबात त्याची ओळख आहे, सेट पसंतीवर आणता येईल. काय सायंटिस्टबाई, कुठला आणू, म्हणाला. तीन प्रकार आहेत. एक गुरूचा होता तसाच, एका बटणाचा. दुसरा पट्ट्यांचा, त्यात वेगवेगळ्या सुरांवर वेगवेगळ्या पोलादी पट्ट्या थरथरतात. तिसरा प्रपोर्शनल: काडी जेवढी वळवू तेवढंच सुकाणू वळतं, आणि रिसीव्हर सुपरहेट, क्रिस्टल बसवलेला. तो आपल्या ट्रान्समिटरखेरीज कोणाचंच ऐकत नाही.

सिद्धाराम म्हणाला, जुना रिसीव्हर म्हणजे गल्लीतली म्हातारी, ज्याचं त्याचं ऐकती. हा नवा म्हणजे... त्याचे कान लाल झाले होते. उन्हातून आला होता.

अप्पांनी ट्रान्समिटर हा शब्द ऐकला आणि दार लावून घेतलं. म्हणाले, आणीबाणीचे दिवस हायत, पोलीस आले तर बोट दाखवू का तुला दाखवू? मी म्हणाले, लायसन्ससाठी दिल्लीला रीतसर अर्ज करू. ते म्हणाले, म्हंजे आपण होऊनच बोलवायचं.

११ जुलै

निवड सोपी नाही. बोटीला दोनच चॅनेल पुरेत, एक सुकाणूला, एक मोटरला. विमान असतं तर गोष्ट वेगळी. पट्ट्यांच्या सेटचं ट्यूनिंग सरकतं म्हणे. प्रपोर्शनल उत्तम, पण घाई नको. पुन्हा विचार करीन.

गुरू घरात शिरताना चौकटीवर नखानं दोनदा वाजवायचा. आज तसं ऐकू आलं. लाकूड हवेनं फुगतं.

१२ जुलै, सोमवार

आज एकदाही खट् नाही. मागच्या सोमवारीही नव्हतं. हा महत्त्वाचा पुरावा आहे. अव्वाला दाखवला. ती म्हणाली, सोमवारी तो सिद्धेश्वराला जातो, आठवत नाही व्हय?

जायचा खरा.

१३ जुलै

सिद्धाराम गाडीला निघताना प्रपोर्शनल आण म्हणून सांगितलं. निर्णय झाला. मन हलकं आहे. अव्वाबरोबर बोटीजवळ बसले, फक्त निरीक्षणासाठी. खट् झालं तेव्हा माझ्या तोंडून गुरू असं निघालं. सवयीचा शब्द.

१५ जुलै

सापडलं!

बसव्वाअत्या, अप्पांची बहीण, समोरच्या डॉक्टरांकडून संध्याकाळी लंगडत आली. त्यांनी गुडघ्याला शेक द्यायचं विजेचं मशीन आणलंय. अत्या म्हणाली, शेक लई गोड लागतोय बघ, पण मशीन चालू केलं की डॉक्टरांचा रेडिओ नुसता घोगरा वरडतोय.

मशीनचा शेक म्हणजे शॉर्टवेव्ह लहरी! गुरूचा रिसीव्हर त्याच लहरी पकडतो. आधी अत्याचा उजवा गुडघा: उजवा कौल. मग डावा गुडघा: डावा. सोमवारी दवाखाना बंद. सगळं जुळलं. अव्वाला वर्षभरानं मिळालेलं उत्तर म्हणजे अत्याचे गुडघे. माझं अभिनंदन करायला कोणी नव्हतं, म्हणून मीच केलं.

तेव्हा तो गुरू नाही.

जेवले नाही. पोटात गॅस होता.

१६ जुलै

अव्वाला अजून सांगितलं नाही. आधी तिच्या तोंडात घास होता, मग ती जपाला बसली. शिवाय नवा सेट लावून सिद्ध केल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय आहे.

१८ जुलै

सिद्धाराम सेट घेऊन आला. ट्रान्समिटर देखणा आहे, दोन काड्या, चकचकीत एरियल. त्यानं विचारलं, आजच बसवू? मी म्हणाले, मंगळवारी. तो म्हणाला, घाई तुम्हालाच होती की. या माणसाला शास्त्रीय पद्धत कळत नाही.

२० जुलै

बसवला. जुना रिसीव्हर काढताना त्याखाली गुरूच्या हाताचे डिंकाचे ठसे दिसले. फडकं फिरवलं नाही, लाकूड खराब होतं.

संध्याकाळी अव्वानं विचारलं. उत्तर नाही. दिव्यातलं तेल संपेपर्यंत बसली. अत्या शेक घेऊन परत आली, तरी काही नाही. प्रयोग शंभर टक्के यशस्वी.

अव्वा म्हणाली, दमला असंल.

२१ जुलै

आजही शांतता. अव्वानं गुरूचं ताट वाढलं, ते मागच्या वर्षापासून बंद होतं. अप्पांनी त्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या सरकवला.

मला दिवसभर खट् ऐकू आलं. एकदा कडी होती, एकदा शेजारचा अडकित्ता. एकदाचं कशाचं ते सापडलं नाही.

शेवटी फक्त अव्वाच्या तब्येतीसाठी मी दाराआड उभी राहिले आणि नव्या ट्रान्समिटरची काडी उजवीकडे नेली. सुकाणू झुर्र करत अलगद वळलं. अव्वा बघत राहिली. मग म्हणाली, हे कोण हाय? गुरू न्हवं. गुरू असा गुळगुळीत कवा बोलला? वात सारून म्हणाली, दाक्षी, भाईर ये. जेवून घे.

रागावली असती तर बरं झालं असतं.

२२ जुलै

तांत्रिक कारणामुळे प्रपोर्शनल सेट नापसंत. रिसीव्हर आणि त्याच्या बॅटरीच्या वजनानं बोटीचं नाक बुडेल. सिद्धारामनं विचारलं, पाण्यात घालून बघितली का? मी म्हणाले, हिशेबानं कळतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, पेटी उचलली आणि म्हणाला, गुरूचं बी असंच. हा रिसीव्हर काढ, नवा घालून देतो म्हटलं की वजनाचं सांगायचा.

जुना रिसीव्हर मीच परत बसवला. संध्याकाळी खट् झालं. अव्वानं विचारलं, कुटं गेलातास रं? मला डोळ्याला पदर लावावा लागला. समईचा धूर.

२३ जुलै, शुक्रवार

आज कौल. तत्त्व म्हणून मी यात ढवळाढवळ करणार नव्हते. पण अंधश्रद्धेच्या हातून विज्ञानाचं नुकसान होऊ देणं हाही गुन्हाच. अव्वा न्हाणीत असताना कळ एक दात पुढे सरकवून ठेवली. पुढचं खट् उजवीकडेच जाणार. 'पाठवू का कोल्हापूरला?' उजवा. संपला विषय.

अप्पा टोपी घालून बसले. अव्वानं भस्म लावलं, हात जोडले आणि म्हणाली, मगा, दाक्षीला हितंच ठिवून घेऊ का?

प्रश्नाला दोन बाजू असतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खट्. उजवा.

तोंड उघडलं होतं. डॉक्टर, मशीन, गुडघे, एका वाक्यात सांगता आलं असतं. तेवढ्यात बसव्वाअत्या आली, हातात बत्तासे, अंगावर इरकल. म्हणाली, आज शेकाला गेलेच न्हाई, दुपारपासनं बारशाला होते.

मी तोंड मिटलं.

डॉक्टरांकडे दुसरा कोणी पेशंट असेल. मशीन आहे, ते कोणासाठीही चालू होऊ शकतं. विचारायला गेले नाही. मधे रस्ता ओलांडायचा होता.

सुकाणू आज नेहमीपेक्षा जास्त वेळ उजवीकडे राहिलं. माझ्याकडे तोंड करून.

२४ जुलै

शांतपणे विचार केला. प्रयोग मीच मांडला, निकाल मला मान्य असला पाहिजे, नाहीतर शिक्षणाचा उपयोग काय. इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञानाला शिक्षिका हवीच आहे. शिवाय घरात रिसीव्हरचे सेल बदलायला कोणीतरी शिकलेलं हवं. भावनेचा यात काहीही भाग नाही. पोस्ट उघडल्या उघडल्या जाऊन आले.

दुपारी अव्वा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, रातभर इचार केला. कौल दिला त्यानं, पण ते पोरगं लहानपणापासनं उलटं. नको म्हणायचं आणि ताट चाटून पुसून खायचं. त्याचं काय ऐकतीस? तू जा. अप्पा वळकटीला दोरी आणायला गेलेत. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली. जाताना म्हणाली, मी इचारलं ते माझ्या मनासाठी. तुला कशाला इचारायला पाहिजे, तू तर शिकलेली.

अप्पा दोरी घेऊन आलेत. दोरी चांगली आहे, काथ्याची.

तार सकाळीच गेली. कोल्हापूर, रजिस्ट्रार. सीट नॉट रिक्वायर्ड.