कोरिनचं गुणगुणणं

३ ऑक्टोबर

...ओट्सची लापशी बुडाला लागू नये म्हणून एका हाताने ढवळत होते, दुसऱ्या हाताने टोस्टवर लोणी फासत होते आणि माझ्या नवऱ्याचं, नॉर्मंडचं, चर्चमधलं आवडतं गाणं गुणगुणत होते. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

मतिमंदांच्या निवासी केंद्रातली माझ्या नोकरीची ही पहिली सकाळ. पिवळी घरं, लाल झालेले मेपल, पायऱ्यांवर भोपळे, माणसंही हसतमुख. कोरिन नावाची पस्तिशीची बाई ओट्यापाशी येऊन उभी राहिली. ती बोलत नाही. माझ्या सुरात सूर मिसळून गुणगुणू लागली. माझी कामातली जोडीदारीण डार्लीन म्हणाली, अगं लुसील, आलीस नाही तोच भजनी मंडळ काढलंस!

५ ऑक्टोबर

कोरिनच्या पाठीवर छोटी पिशवी असते. तिच्यातून तारा मांडीवरच्या पट्ट्याकडे जातात. डार्लीनच्या कमरेला डबी, डबीवर कोरिनचा फोटो. कोरिन भिंतीवर डोकं आपटते. एकदा डोळा जाता जाता वाचला. आपटलं की डबीची कळ दाबायची, तिला पट्ट्यातून विजेचा झटका बसतो. भलत्यालाच बसू नये म्हणून दोघींनी फोटो पाहायचा, दोघींनी हो म्हणायचं, मगच दाबायची. कोर्टाची परवानगी आहे. मधमाशी चावल्यासारखं वाटतं, डार्लीन म्हणाली.

मला पटलं. वाचनालयातून वर्तनशास्त्राचं पुस्तक आणलं. शिक्षा म्हणजे राग नव्हे, असं त्यात लिहिलंय. ज्याने एखादं वागणं कमी होतं, ती शिक्षा. किती स्वच्छ वाक्य.

१२ ऑक्टोबर

आपटणं जवळजवळ थांबलंय, हे खोटं कसं म्हणू? पण आपटण्याआधी ती गुणगुणते, असं केंद्राच्या साहेबांच्या लक्षात आलं. म्हणून आता गुणगुणण्यालाही झटका. मी म्हटलं, ती खुशीतही गुणगुणते, माझ्याबरोबर. साहेब मायेने म्हणाले, लुसील, तुला तिचं गाणं हवं की तिचा डोळा?



१३ ऑक्टोबर

लापशी ढवळताना सवयीने माझ्याच तोंडून सूर निघाला. ती लगेच साथीला आली. डार्लीनने डबी पुढे धरली. मी फोटो पाहिला. हो म्हटलं.

मधमाशी नव्हती ती.

१७ ऑक्टोबर

कोरिन गुणगुणत नाही. साहेबांनी केक आणला. मलाही घरी सूर लागत नाही. ओठ उघडतात आणि — मांडी आखडते. माझी.

१९ ऑक्टोबर

भांडी घासताना विसरले. एकच सूर — कोरिन धावत आली, माझ्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने माझी पाठ चाचपत होती. पिशवी शोधत होती. माझ्यासाठी घाबरली होती ती.

डार्लीन हसली, बघ, आता तीच तुला वळण लावतेय! मग डबी काढली. अंगाला हात लावणं, तेही चालत नाही. मी हो म्हटलं नाही. ती म्हणाली, ठीक आहे, उद्या दुसरी कुणीतरी म्हणेल.

२० ऑक्टोबर

सकाळी आले. कोरिनला कोठीच्या खोलीत नेलं, आतून कडी लावली. पिशवी काढली. तारा काढल्या. पट्टा सोडला. खाली लाल चट्टे —

डार्लीन दार बडवतेय. अगं वेडे, उघड, डोकं फोडून घेईल ती! खरंच घेईल का? माहीत नाही. आत्ता वही माझ्या गुडघ्यावर आहे, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, हात माझ्या तोंडावर. मी त्या हाताखालीच गुणगुणतेय. बाहेर साहेबांचा आवाज — कडी हलतेय —

तिचा हात सैल होतोय. ती —