फोटोमागची ओळ

४ फेब्रुवारी
फार दिवस तुझ्याकडे फिरकले नाही, माफ कर. लिहायला बसले असते तर एकच गोष्ट लिहावी लागली असती, आणि लिहिली की ती खरी झाली असती. आता लिहितेच — ह्याची नजर जातेय. दोन्ही डोळ्यांची, कडेकडून आत आत. डॉक्टर म्हणाले, थांबवता येणार नाही.

आम्हा नवरा-बायकोचीच कंपनी. दुकानदारांच्या, संस्थांच्या वेबसाइट बनवतो. आतलं तंत्र माझं, रूप त्याचं. बाहेर कुणाला कळता कामा नये, ही त्याची ताकीद. "आंधळ्याकडून रंग कोण निवडून घेईल गं?" हसत म्हणाला. मला नाही जमलं हसायला.

९ फेब्रुवारी
फर्निचरवाल्याचा फोन. "ताई, खरेदीचं बटण कुठे गडप केलंत? गिऱ्हाईक शोधून दमलं!" बघितलं — अगदी कोपऱ्यात, बटणावर फोटो चढलेला. तिथवर ह्याची नजर पोचलीच नसणार. तो आंघोळीला गेला तेवढ्यात दुरुस्त केलं. सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी
आज त्याची आणखी एक चूक सुधारली. गुपचूप. ही माया की फसवणूक?

१५ फेब्रुवारी
अंधांना फोन, काठी वापरायला शिकवणाऱ्या संस्थेचं काम. ती चालवणाऱ्या बाई जन्मांध. त्यांचा फोन वेबसाइट मोठ्याने वाचतो; फोटो आला की त्यामागे आम्ही लिहिलेली वर्णनाची ओळ वाचतो. मी लिहिलं होतं — 'निसर्गरम्य परिसर'. बाई म्हणाल्या, "अहो, झाड आहे की डबकं तेवढं सांगा. रम्य आहे का ते आमचं आम्ही बघू!" हाही खो-खो हसला. किती दिवसांनी!

मग वर्णनं तोच सांगू लागला, मी टाइप करत गेले. पडद्यावर मान फिरवत, एकेक फोटो तुकड्या-तुकड्याने. 'पायरीवर मुलगी. एक चप्पल पायात, एक हातात.' मला कधी सुचलं नसतं. "काही राहिलं का गं?" कोपऱ्यात कुत्रा झोपला होता. म्हटलं, सगळं आलं. मागून कुत्रा मीच घातला.

१८ फेब्रुवारी
बाईंच्या ऑफिसात फोनने सगळं वाचून दाखवलं. '…एक चप्पल पायात, एक हातात. उजव्या कोपऱ्यात झोपलेला कुत्रा.' ह्याने माझ्याकडे मान वळवली. "कुत्रा मी सांगितला नव्हता."

वाटेत विचारलं, "अजून काय काय झाकलंस?" सगळं सांगितलं, बटणासकट. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तू झाकत गेलीस, आणि मी समजत राहिलो — अजून जमतंय."

१९ फेब्रुवारी
चहा त्याने स्वतः केला. अर्धा ओट्यावर. मी उठले नाही. उठायला हवं होतं? कळत नाही.

२१ फेब्रुवारी
बाईंना फोन लावला त्याने. कामाचाच असेल, वाटलं. "नाही हो. शिकायला यायचंय. माझी नजर जातेय." परक्या माणसाला पहिल्यांदाच.

उद्या: त्याला संस्थेच्या फाटकापर्यंत सोडणे. फाटकापर्यंतच — तसं बजावलंय.