बांधलेली की बसवलेली

३ डिसें., बुधवार
परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक दाखवाले ठाण्यात गेलतो. संग साडू, गजानन. दोघायच्याही एकनळ्या, दोघायचाही परवाना पीक राखाचा, दोघायच्याही नळीखाली बॅटरी. माही पांढरकवड्याहून आणलेली, पट्टी अन् नटबोल्टानं बसवलेली. त्याची सायकलच्या ट्यूबनं आवळलेली, मोडल्या पायाले फडकं गुंडाळावं तशी.
जमादारानं त्याची पाह्यली, सही केली. माह्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे काय बसवलं, गुरुजी?"
"बॅटरी."
"दिसते ना बाप्पा. परवानगी हाय का?"
"कोनाची लागते?"
थे त्यालेही ठाऊक नाई. म्हणे, तालुक्याले विचारा.

४ डिसें.
सुमन सकाळीच, "गजाननभाऊजीचं कसं चटकन होते!"
व्हय. त्याचं सारंच चटकन. तूर चटकन भरते, पोरीले नवरा चटकन भेटला. हिच्या धाकट्या बहिणीचं नशीब, अन् हिच्या वाट्याले मी. जळतो मी त्याच्यावर. आपल्याच वहीत कायले लपवू?

८ डिसें., सोमवार
तालुक्याच्या हापिसात अर्धा दिवस. पहिला बाबू म्हणे, "बसवली त बंदुकीचा भाग. बांधली त नुसतं सामान." दुसरा म्हणे, "बॅटरीले काई लागत नाई, दुर्बिणीले लागते." तिसरा म्हणे, दोन्हीले लागते. कोन्या कलमात, म्हटलं. तिघायनंही एकमेकाकडे बोट दाखवलं.
मंग पहिला म्हणे, "लेखीच विचारा ना, गुरुजी."
विचारलं. तीस वर्षं फळ्यावर गिरवलेलं अक्षर, एकही खाडाखोड नाई. पोच घेतली. गजाननले असा अर्ज सात जन्मात जमनार नाई.

१७ डिसें.
हात दाखवून अवलक्षण! उत्तर आलं. वरून खुलासा येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमा करा.
केली. पट्टी आत्ताच काढतो म्हटलं, त जमादार हासे. "आता तुमीच कागदावर 'बसवलेली' लिहून देल्लं ना. काढली तरी बसवलेलीच."
काहून विचाराले गेलतो मी? ग. नं काई विचारलं नाई, थो मजेत बार उडवून राह्यला. इथपर्यंत आवाज येते.

२१ डिसें., रविवार
डुकरं शिरले. बांधाकडच्या तुरीच्या चार ओळी लोळवल्या. शेंगा भरत आल्या होत्या.
ग. न बोलावता आला. "भाऊ, तुमची बंदूक येईपर्यंत दोन्ही वावरं मीच पायतो. तुमी फिकर करू नका." सुमननं त्याले पुरणपोळी वाढली, वरून तूप. माह्या ताटात तूप मागून घ्या लागलं.
पारावर म्हणून राह्यले, गुरुजीची तूर गजानन राखते. त्या ट्यूबच्या बॅटरीनं! थो वाईट असता त बरं झालं असतं.

२४ डिसें.
तूर शाबूत. त्यानं राखली म्हणून. एक शब्द गोड बोललो नाई त्याच्याशी. जमलंच नाई.

२७ डिसें., शनिवार
ग. कागद घेऊन आला. माह्याच अर्जावरून साऱ्या परवानेवाल्यायले सुटला: बंदुकीले बॅटरी कशी लावली हाय, लेखी कळवा. तोंड उतरलेलं त्याचं. कोनाच्या अर्जावरून, हे त्याले ठाऊक नाई. मीही सांगतलं नाई.
"भाऊ, तुमचं अक्षर चांगलं. तुमीच लिहून द्या. तुमी म्हणान तिथं सही करतो."
आता ओसरीत चहा पिऊन राह्यला. वाचून पाहीन म्हणनार नाई, मले ठाऊक हाय.
'बांधलेली' लिहिलं त बंदूक त्याच्यापाशी राह्यते, अन् माही तूरही. 'बसवलेली' लिहिलं त त्याची एकनळी ठाण्यात माह्या एकनळीच्या बाजूले उभी. मंग तूर दोघायचीही डुकरायले. पण सुमन 'चटकन' म्हणनार नाई.
आतून तिचा आवाज, "झालं का वो? भाऊजी थांबले हायत."
आधी वहीत लिहून पाहतो.
"सदर बॅटरी बंदुकीस ब